मिठाचं पाणी

एकतीस वर्षं मी भोसरीत पिना मोजल्या.
शंभरातल्या पाच उचलायच्या,
मायक्रोमीटरच्या ओठांत धरायच्या,
आणि उरलेल्या पंच्याण्णवांबद्दल
सही करून बोलायचं.
म्हणून ते सतरा पानी संमतिपत्र वाचून घाबरलो नाही.
बोजड मराठी, प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही.

रास्ता पेठेतला दवाखाना, दुसरा मजला.
साळवे सिस्टर म्हणाल्या, "काका, कुपीत काय आहे
मलाही माहीत नाही. लस असेल,
नाहीतर मिठाचं पाणी."

मग अर्धा तास बसवून ठेवलं.
शेजारी हनीफ बागवान, मार्केट यार्डातला डाळिंबवाला,
दंड दाबून दाबून बघत होता:
"लस असली तर दुखतं म्हणे."
मीही दाबला. दुखला थोडा.
सुईनंही दुखतंच.

घरी न्यायला एक वही दिली, थर्मामीटर,
आणि लाली मोजायला प्लास्टिकची पट्टी.
मिलिमीटर! मला हसूच आलं.
इतक्या ढोबळ मापानं मी जन्मात काही मोजलं नव्हतं.
ताप: नाही. मळमळ: नाही. लाली: शून्य.
विजया म्हणाली, "पैसे देतात?"
"बसभाडं."
"मग कशाला?"
लक्ष्मी रोड तेव्हा इतका रिकामा
की तो केवढा रुंद आहे ते पहिल्यांदाच दिसलं होतं.
हे काही उत्तर नव्हे, पण तेच होतं.

दुसऱ्या महिन्यात फोन आला: थांबलोय.
एका बाईंना ॲडमिट करावं लागलंय, कारण शोधतोय,
तोवर कुणालाच टोचणार नाही.
विजयाचा चेहरा उतरला.
मला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली.
लाइन थांबवा, असं मी नोकरीत तीनदा सांगितलं होतं;
थांबली एकदाच.
नवव्या दिवशी कळलं, पित्ताशयातला खडा.
तरी ती नोंद कुणी खोडली नाही.
न खोडलेला कागद मी ओळखतो.

आणि मग फोडणीतला हिंग गेला.
फोडणी तडतडली, वास नाही.
संध्याकाळी ताप, चौथ्या दिवशी ऑक्सिजन,
शेजारच्या खाटेवरचा माणूस
एका पहाटे नव्हता.
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

वहीतला शून्य तेवढा मोडला.

पुढे पाकीट फोडलं त्यांनी, माझ्यासमोर.
मिठाचं पाणी.
विजया जिन्यातच रडली, "फसवलं हो तुम्हाला."
मी तिच्या हातातला कागद घेतला.
लस टोचलेल्यांत आजारी पडले नऊ,
मिठाच्या पाण्यात एकाहत्तर.
ऑक्सिजन लागलेले: इकडे कुणी नाही, तिकडे सहा.
त्या सहांतला एक जिन्यात उभा होता, चष्मा पुसत.

नऊ होते, हे बरं झालं.
सगळीकडे शून्य लिहून आणणाऱ्या ऑपरेटरचा लॉट
मी नेहमी दोनदा तपासायचो.

हनीफचा फोन आला. "काका, माझी लस होती,"
आणि गप्पच झाला,
जणू माझ्या ताटातलं उचललं त्यानं.
मी म्हटलं, डाळिंबं आण.
आणली. भगवी, जड, सहाच.
सहा का, ते मी विचारलं नाही.

नंतर मलाही खरी मिळाली,
महापालिकेच्या शाळेत, तिसरीच्या बाकावर,
गुडघे हनुवटीला लावून.
रात्रभर हुडहुडी, दंडावर बावीस मिलिमीटर लाली.
पट्टी होती घरात, म्हणून मोजली.
लिहायला वही नव्हती.

त्या बाकावर पुढचा पोरगा वळून म्हणाला होता,
"काका, काही होत नाही ना?"
होतं, म्हटलं. दंड दुखतो, ताप येतो,
लाखांत एखाद्याला त्याहून जास्तही होतं,
म्हणून तर अर्धा तास बसवतात.
"आणि आजार?"
मास्कमधून त्याला कितपत ऐकू गेलं कोण जाणे.
मोजलाय, म्हटलं.
मी होतो त्या मापात.